फुकुशिमाचा हानामियामा: फुलांच्या डोंगरावर कधी आणि कसं जायचं

दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, आम्ही एप्रिलमधे जपानला येतोय गं, साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, बघायला कुठे जाऊ सांग. आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, टोकियोतली दोन-तीन ठिकाणं बघा, सुंदरच आहेत ती, पण एक दिवस वेगळा काढा आणि फुकुशिमाला हानामियामावर जा. मग पुढचे प्रश्न सुरू होतात, कुठल्या ट्रेनने, किती चढायचं, आईबाबांना जमेल का, खायला काय मिळेल. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसते त्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू.

आधी तो प्रश्न, जो सगळ्यांच्या मनात असतो पण विचारायला लोक बिचकतात. फुकुशिमा म्हणजे तेच ना, २०११ च्या अणुभट्टीच्या अपघाताचं? नाव तेच, कारण जिल्ह्याचं नाव फुकुशिमा आहे आणि हा जिल्हा जपानमधला तिसरा सगळ्यात मोठा. अणुभट्टी समुद्रकिनाऱ्यावर होती आणि फुकुशिमा शहर तिथून साधारण ६० किलोमीटर आत, डोंगरांच्या मधल्या खोलगट पट्ट्यात आहे. पावणेतीन लाख वस्तीचं गाव, शाळा, ऑफिसं, बाजार, सगळं रोजच्यासारखं चालू असतं. तिथली माणसं पाहुण्यांना ज्या मायेने वागवतात ना, त्यामागे त्या वर्षांनंतर ओस पडलेले रस्ते त्यांनी पाहिलेत हेही असावं असं मला वाटतं. तेव्हा नावाला घाबरून जाणं टाळू नका.

आता हानामियामा म्हणजे काय. हानामी म्हणजे फुलं बघणं, यामा म्हणजे डोंगर. पण पार्क म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जे येतं, तिकीटखिडकी, कारंजं, आखीव हिरवळ, तसलं काही नाही तिथे. हे शेत आहे. शहराच्या वातारी नावाच्या भागातल्या आबे कुटुंबाची ही खाजगी जमीन, फुलझाडांची शेती करणारी माणसं. हे घर मूळचं रेशमाचे किडे पाळणाऱ्यांचं, मग घराच्या मागची झुडपांनी भरलेली टेकडी त्यांनी हाताने खणून, दगड उचलून फुलझाडांखाली आणली, आणि तिथल्या फांद्या बाजारात विकून घर चालवलं. झाडं मोठी झाली, टेकडी वसंतात पेटल्यासारखी फुलायला लागली, लोक रस्त्यावर थांबून बघायला लागले, काही जण येऊन विचारायला लागले की आत येऊन बघू का. त्या कुटुंबाने १९५९ मधे टेकडी सगळ्यांसाठी उघडली, फुकट. आजही फुकटच आहे. वर्षभर.

मी हे इतकं लांबण लावून सांगतेय कारण तिथे कसं वागायचं, कधी जायचं, कुठे पाय ठेवायचा, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. आपण कुणाच्या तरी शेतात पाहुणे म्हणून गेलोय. आजूबाजूच्या टेकड्याही अशाच शेतकऱ्यांच्या आहेत, त्यामुळे बघताना पार्क कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं शेत कुठे सुरू होतं हे कळतच नाही, सगळा डोंगरच एक वाटतो. या भागातले शेतकरी थंडीत कळ्या धरलेल्या फांद्या कापतात, त्या उबदार खोल्यांमधे ठेवतात आणि बाहेर बर्फ असतानाच कळ्या फुलायला लावतात, म्हणजे ३ मार्चच्या हिनामात्सुरीला, मुलींच्या सणाला, शहरातल्या घरांत पीचची फुलं ठेवता येतात. फुलं लवकर आणण्याचं हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. आणि ज्या फांद्या कापल्या नाहीत त्या एप्रिलमधे आपण बघतो.

आकियामा शोतारो नावाचे मोठे जपानी फोटोग्राफर होते, ते वर्षानुवर्षं इथे यायचे आणि म्हणायचे, फुकुशिमामधे तोगेन्क्यो आहे. तोगेन्क्यो म्हणजे जुन्या चिनी गोष्टीतली ती पीचच्या फुलांआडची हरवलेली जागा, जिथे पोचलं की जगाचा विसर पडतो. त्यांच्यामुळे हे ठिकाण जपानभर माहीत झालं आणि गर्दीही तेव्हापासून वाढली.

कधी जायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, नीट वाचा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन उपयोग नाही. मुलांच्या परीक्षा, शाळा, सगळं सांभाळून लोक मे मधे येतात, तेव्हा टेकडी छान हिरवी असते पण ज्यासाठी आलात ते संपलेलं असतं. जपानमधे मोठी सुट्टी एप्रिलच्या शेवटाला लागते, गोल्डन वीक, तेव्हासुद्धा उशीरच झालेला असतो. गुढीपाडवा डोक्यात ठेवा, पाडव्यापासून पुढचे दोन-तीन आठवडे, ढोबळमानाने. म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा तिसरा आठवडा. पाडवा लवकर आला असेल त्या वर्षी हे गणित चुकतं हे मात्र लक्षात असू द्या, फुलांना आपलं पंचांग माहीत नाही.

फुकुशिमा शहरात सोमेई योशिनो, म्हणजे आपण फोटोत बघतो तो फिकट गुलाबी नेहमीचा साकुरा, सरासरीने ७ एप्रिलच्या सुमारास उमलायला लागतो आणि चार-पाच दिवसांत पूर्ण भरात येतो. पण गेल्या काही वर्षांत हे सगळं लवकर होतंय, मार्चच्या अखेरीसच पहिली फुलं दिसल्याची वर्षं गेलीत. म्हणून हॉटेल आणि ट्रेन एकाच तारखेला बांधून टाकू नका. टोकियोत पाच-सात दिवस राहणार असाल तर त्यातले दोन दिवस मोकळे ठेवा आणि आदल्या आठवड्यात अंदाज बघून त्यातला एक निवडा. दोन शब्द लक्षात ठेवा, काइका म्हणजे पहिली फुलं उमलली आणि मानकाई म्हणजे पूर्ण बहर. जपानी हवामानाच्या बातम्यांत हे दोन शब्द सतत येतात, आणि हानामियामाची तर सीझनमधे रोजच्या रोज खबर मिळते, कुठलं झाड किती उमललंय याची.

आता एक मात्र सांगते, आणि हे मला या डोंगराचं फार आवडतं. मानकाई दोन दिवसांनी हुकला म्हणून इथे सगळं वाया जात नाही. टोकियोच्या एखाद्या नदीकाठी सगळी एकाच जातीची झाडं असतात, पाऊस आला वारा आला की खेळ खल्लास. हानामियामावर जाती इतक्या वेगवेगळ्या आहेत की एकाचं संपतं तेव्हा दुसऱ्याचं ऐन भरात असतं. मार्चमधे उमे, म्हणजे जपानी प्लमची फुलं, आणि पिवळं सानशुयु, मार्च संपता संपता रेंग्यो, म्हणजे आपण नर्सरीत फोर्सिथिया म्हणून ऐकतो ते, पानं नाहीत नुसत्या पिवळ्याधमक काठ्या, मग तोकाई-झाकुरा ही साकुराचीच एक जात, मग सोमेई योशिनो, त्याच्याच आगेमागे पांढरा मॅग्नोलिया, काटेरी झुडपावरचं लालभडक बोके, हानामोमो म्हणजे फळासाठी नाही तर फुलासाठी लावलेला पीच, आणि अगदी शेवटी पाकळ्यांच्या अनेक थरांचा याए-झाकुरा. पायथ्याला मोहरीचं शेत पिवळं. चांगल्या आठवड्यात खाली उभं राहून वर बघितलं की पिवळा, पांढरा, तीन-चार तऱ्हेचा गुलाबी आणि मधेच लाल, असे थर लागलेले दिसतात. मला विचाराल तर सोमेई योशिनो भरात असतो त्याच्यानंतरचे तीन-चार दिवस सगळ्यात चांगले, कारण तेव्हा हानामोमोने पण जोर धरलेला असतो आणि पाकळ्या गळून वाटेवर पसरलेल्या असतात.

वार कुठला? सोमवार ते गुरुवार, जमेल तो. शनिवार-रविवारी मानकाई असेल तर अख्खं तोहोकु, म्हणजे जपानचा ईशान्य भाग, तिथे असतं असं समजा. मी पहिल्यांदा गेले ती रविवारी, अकरा वाजता पोचले, बसला रांग, वाटेवर रांग, वर बघायच्या जागेवर रांग, फुलं तीच पण मन काही लागलं नाही. दुसऱ्या वेळी मंगळवारी गेले, साडेआठला पायथ्याशी होते, आणि पहिला अर्धा तास पक्ष्यांचे आवाज ऐकत चालले. तीच टेकडी आहे यावर विश्वास बसेना. सकाळचं ऊन आणि दुपारनंतरचं ऊन दोन्ही छान पडतं, पण सकाळीच जा, गर्दीसाठी म्हणून.

टोकियोहून तिथवर

तोहोकु शिन्कान्सेन, म्हणजे तिकडे जाणारी बुलेट ट्रेन, पकडायची, टोकियो, उएनो किंवा ओमियाहून. गाडीचं नाव यामाबिको. टोकियोहून दीड तास ते पावणेदोन तास लागतात. हायाबुसा पकडू नका, हिरवी चकाचक लांब नाकाची गाडी दिसली की लोक चढतात, पण ती फुकुशिमाला थांबत नाही, सरळ सेंदाईला जाते. आणखी एक गाडी चालते, त्सुबासा, ती यामागाताला जाणारी, फुकुशिमाला थांबते. पण तिचे सगळे डबे रिझर्व्ह असतात, यामाबिकोला बिनरिझर्व्हचे डबेही असतात. गंमत अशी की बऱ्याचदा यामाबिको आणि त्सुबासा एकमेकांना जोडून धावतात, पुढे एक मागे एक, आणि फुकुशिमा स्टेशनवर वेगळ्या होतात. फुकुशिमाला उतरणाऱ्याला दोन्ही चालतात, पण तिकीट ज्या गाडीचं आहे त्याच बाजूच्या डब्यात बसा, आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. लहान मुलं सोबत असतील तर उतरल्यावर दोन मिनिटं प्लॅटफॉर्मवर थांबा, गाड्या सुटताना बघायला मुलांना फार आवडतं, माझ्या भाच्याला त्या दिवसाचं दुसरं काहीही आठवत नाही पण ते आठवतं.

तिकीट एका बाजूचं नऊ हजार येनच्या आसपास धरा. आणखी एक-दोन ठिकाणं जोडणार असाल तर जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या पासचा हिशोब करून बघा, किमती बदलत असतात त्यामुळे ऐन वेळी त्यांच्या साइटवरच बघा. एक चूक होते ती सांगते, टोकियोत सुइका हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड टॅप करून आपण सगळीकडे फिरतो, तीच सवय घेऊन लोक साध्या लोकल बदलत-बदलत निघतात आणि फुकुशिमाला गेटवर कार्ड अडतं, कारण टोकियोचा सुइका विभाग वेगळा आणि तिकडचा वेगळा. मशिनवरून नीट तिकीट काढा म्हणजे प्रश्नच नाही.

स्टेशनच्या पूर्वेच्या बाजूला बाहेर पडा. फुलांच्या सीझनमधे तिथून थेट हानामियामाची बस असते, हानामियामा-गो, पंधरा मिनिटांचा रस्ता, गर्दीच्या दिवशी जास्त. बोर्ड मोठे असतात आणि सांगायला माणसं उभी असतात, चुकायला वावच नाही. सुटे पैसे जवळ ठेवा, शंभर-शंभरची नाणी, पुढे खालच्या स्टॉलवरपण लागतात. सीझन नसेल तेव्हा मात्र ही बस नसते, साध्या बसने फाट्यापर्यंत जाऊन वीसेक मिनिटं चालावं लागतं. चौघं असाल आणि सोबत ज्येष्ठ असतील तर सकाळी सरळ टॅक्सी करा, अंतर पाच-सहा किलोमीटरच आहे. भाड्याची गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी सूचना, सीझनमधे शेवटच्या रस्त्यांवर गाड्या सोडत नाहीत, ठरवलेल्या पार्किंगला गाडी लावून शटल बसने यावं लागतं. हे रस्ते शेतकऱ्यांच्या घरांसमोरून जातात, रोजची कामं त्यांना करायची असतात, त्यामुळे गल्लीबोळातून गूगल मॅपच्या भरवशावर गाडी घुसवू नका.

चढायचं किती

बस सोडते तिथून पार्कच्या तोंडापर्यंत थोडं चालायचं असतं, ओढा, शेतं, घरांच्या कुंपणावर लटकलेली फुलं, हा भागच मला पार्काइतका आवडतो, घाई करू नका. टेकडी उंच नाही, माथा समुद्रसपाटीपासून १८० मीटरवर आणि शहरच मुळात साठ-सत्तर मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या पर्वतीसारखाच प्रकार, पण पायऱ्यांऐवजी वळणावळणाची वाट. तीन रस्ते आखलेले आहेत, ३० मिनिटांचा, ४५ मिनिटांचा आणि ६० मिनिटांचा. साठवाला माथ्यापर्यंत जातो. ही त्यांची वेळ, फोटो काढत, थांबत जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी दुप्पट धरा. गर्दीच्या काळात वाट एकेरी करतात, उलट्या दिशेने जाऊ नका, एखादं दृश्य सुटलं तर सुटलं, पुन्हा खालून चक्कर मारा.

माझ्या आईचे गुडघे दुखतात, अडुसष्ट वर्षांची आहे. तिला घेऊन गेले तेव्हा मी ३० मिनिटांच्या वाटेवरूनच परत यायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, अगं पुढच्या वळणावर काय आहे ते बघू तरी. असं करत करत ४५ मिनिटांची वाट पूर्ण केली, पावणेदोन तास लागले, मधे चार वेळा बसलो. चढ काही ठिकाणी अंगावर येतो आणि पाऊस पडून गेला असेल तर माती निसरडी होते, तेव्हा ज्येष्ठांना काठी आणि ग्रिप असलेले बूट हवेतच. चप्पल, साडीवरच्या मोजड्या, नको. बाबागाडी वर नेता येईल असं धरून चालू नका, बाळाला पुढे बांधून घ्यायचं कॅरियर आणा. टॉयलेट खालीच उरकून मग चढा.

माथ्यावर पोचलात की लगेच फोन बाहेर काढू नका, आधी पश्चिमेकडे बघा. खाली सगळं शहर, आणि त्याच्या मागे आझुमाची बर्फाची रांग. त्या रांगेत आझुमा कोफुजी म्हणजे छोटा फुजी आहे, १७०७ मीटरचा. त्याच्या उतारावर बर्फ वितळायला लागलं की जे बर्फ शिल्लक राहतं त्याचा आकार सशासारखा होतो, कान वर केलेला पांढरा ससा. इथले लोक त्याला पेरणीचा ससा म्हणतात, तो दिसला की बियाणं टाकायची वेळ झाली असं शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या समजत आले. मला तो पहिल्यांदा सापडेचना, शेजारी उभ्या असलेल्या आजींनी माझं बोट धरून हवेत कान काढून दाखवले, आणि एकदा दिसल्यावर मग तो ससाच दिसतो, डोंगर दिसत नाही. आपल्याकडे पावशा ओरडला की पेरते व्हा म्हणतात, तसंच हे. आईला हे सांगितल्यावर ती बराच वेळ त्या सशाकडे बघत उभी राहिली, तिचं माहेर शेतकऱ्याचं.

तिथे सीझनमधे फुलांची माहिती सांगणारे स्वयंसेवक असतात, बहुतेक सगळे निवृत्त आजी-आजोबा. भाषा येत नाही म्हणून त्यांना टाळू नका. फोनवर ट्रान्सलेट उघडा, झाडाकडे बोट दाखवा, पुरतं. मला एका आजोबांनी तोकाई-झाकुरा आणि सोमेई योशिनो ओळखायला शिकवलं. तोकाईची फुलं फांदीला चिकटून, बुडापासून टोकापर्यंत अशी दाटीने येतात की फांदीचं लाकूडच दिसत नाही, जणू काठीला कुणी फुलांचा गजरा घट्ट गुंडाळलाय. सोमेई योशिनोची फुलं लांब देठांवर झुबक्याने लोंबतात, मधे मधे आकाश दिसतं. तोकाईच्या फांद्या म्हणूनच बाजारात जातात, फुलदाणीत उभी काठी भरगच्च दिसते. एवढं कळल्यावर सगळा डोंगर वेगळाच दिसायला लागला मला, नुसतं गुलाबी-गुलाबी न राहता.

कसं वागायचं

वाट सोडून झाडाखाली जायचं नाही. फोटोसाठी एक पाऊल आत टाकलं तर काय झालं असं वाटतं, पण मोसमात लाखोंनी लोक येतात, प्रत्येकाने एक पाऊल टाकलं की मुळांवरची माती दगडासारखी घट्ट होते, पाणी आत जात नाही, झाड आतून सुकतं. कासच्या पठारावर काय झालं आणि मग कुंपण आणि बुकिंग का आलं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. फांदी वाकवून तोंडाजवळ आणून फोटो, हा प्रकार तर अजिबात नको, आणि खाली पडलेली फुलं उचलून उधळू पण नका. वाटा अरुंद आहेत, ट्रायपॉड लावून रस्ता अडवू नका. सतरंजी पसरून डबे उघडून बसायची ही जागा नाही, टोकियोच्या बागांत जो हानामीचा जेवणाचा थाट असतो तो तिथे ठेवा. कचरापेटी शोधू नका, पिशवी जवळ ठेवा आणि कचरा आपल्याबरोबर परत न्या. लोकांच्या घरांचे, अंगणात काम करणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ड्रोन वगैरे तर विसराच.

कपडे, सर्दी आणि पोटपूजा

एप्रिलच्या सुरुवातीला सकाळी चार-पाच डिग्री आणि दुपारी पंधरा, असं असतं. वरून काढता येईल असं जॅकेट घाला, चढताना घाम येतो आणि माथ्यावर वाऱ्याने परत कुडकुडायला होतं. हे दिवस सुगी, म्हणजे जपानी देवदाराच्या परागकणांचे, अर्ध्या जपानचं नाक गळत असतं, तुम्हाला धुळीची ॲलर्जी असेल तर मास्क आणि आपली नेहमीची गोळी सोबत ठेवा. मुंबई-पुण्याहून नवीन आलेल्यांना दोन दिवसांत थंडी बाधली असं वाटतं, बऱ्याचदा ती थंडी नसतेच.

खायचं म्हणाल तर मांसाहारी माणसांची चैन आहे, फुकुशिमाची एनबान ग्योझा प्रसिद्ध आहे, म्हणजे सारण भरलेल्या मोमोसारख्या करंज्या, तव्यावर गोल रचून ताटलीभर उलटी काढलेली, संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानांत मिळते. त्यात डुकराचं मांस असतं हे आधीच सांगते. शाकाहारी लोकांनी टोकियोहूनच सोय करून निघावं. कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, उमेबोशीचा ओनिगिरी, म्हणजे खारवलेला प्लम भरलेला भाताचा गोळा, घ्या, पण मागचं लेबल फोनने वाचून घ्या कारण माशाचा अंश कुठेही असू शकतो. आम्ही थेपले आणि लिंबाचं लोणचं नेतो, परतताना स्टेशनच्या बाकावर खातो. बसथांब्याजवळ आणि पायथ्याला सीझनमधे स्टॉल असतात, गरम काहीतरी, भाज्या, लोणची. हा फळांचा मुलूख आहे, पीच, सफरचंद, नाशपाती. ताजे पीच जुलै-ऑगस्टमधे, एप्रिलमधे फक्त त्यांची फुलं, पण पीचचा रस आणि सफरचंदाचा रस वर्षभर मिळतो, तो प्यायल्याशिवाय येऊ नका.

अर्ध्या दिवसात टेकडी होते, मग उरलेल्या वेळाचं काय? माझं मत, इइझाका ओन्सेनला जा. फुकुशिमा स्टेशनवरूनच छोटी लोकल निघते, पंचवीसेक मिनिटांत गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात. साबाकोयु नावाचं लाकडी सार्वजनिक स्नानगृह आहे तिथे, सध्याची इमारत १९९३ ची पण जुन्या धाटणीची, आणि हायकू लिहिणारे बाशो १६८९ मधे या गावात येऊन राहून गेले होते. पाणी कडक गरम असतं, पाय घालून आधी अंदाज घ्या. चढून आलेल्या आईच्या गुडघ्यांना त्याने जो आराम पडला तो कुठल्या मलमाने पडला नव्हता.

दोन दिवस असतील आणि एप्रिलचा मध्य असेल तर मिहारुची ताकिझाकुरा जोडा. कोरियामाला शिन्कान्सेनमधून उतरून छोट्या गाडीने मिहारु स्टेशन, तिथून सीझनची बस. एकच झाड, हजार वर्षांहून जुनं, फांद्या धबधब्यासारख्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या, १९२२ साली राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर झालेलं. हानामियामावर हजार झाडं आणि इथे एक, दोन्ही लागोपाठ बघण्यात मजा आहे. पण एका दिवसात दोन्ही कोंबू नका, धावपळीत दोन्हीही हाती लागत नाहीत.

फांदी कशी आणायची

हे बऱ्याच जणांना सुचतच नाही म्हणून सांगते. पायथ्याशी शेतकरी फुलांच्या फांद्या आणि रोपं विकायला ठेवतात. रोप भारतात नेता येणार नाही, तो नाद सोडा, पण जपानमधेच राहत असाल किंवा टोकियोत अजून चार दिवस हॉटेलात मुक्काम असेल तर एक जुडी नक्की घ्या. डोंगर फुकट बघितला, त्याचे पैसे शेतकऱ्याच्या हातात द्यायचा हा सगळ्यात सरळ रस्ता. पूर्ण उमललेली घेऊ नका, कळ्या फुगून टोकाला रंग दिसायला लागलेली घ्या. मी हानामोमोची घेतली होती, विकणाऱ्या काकूंनी बुडाला ओला कागद, वर प्लास्टिक आणि सगळ्याला वर्तमानपत्र असं गुंडाळून दिलं आणि हाताने खूण करून सांगितलं की आडवी नको, उभी धर. शिन्कान्सेनमधे खिडकीच्या बाजूला उभी धरून आणली.

घरी आल्यावर बादलीत पाणी घ्या, देठ पाण्यात बुडवून तिथेच पाण्याखाली तिरपा काप द्या, म्हणजे नळीत हवा शिरत नाही. जाड फांदी असेल तर बुडाला उभी चीर द्या. फुलदाणी हीटरपासून लांब ठेवा, पाणी रोज बदला. माझ्या कळ्या तिसऱ्या दिवशी सकाळी उमलल्या, आईने त्यातली एक डहाळी देवघरात ठेवली आणि उरलेली स्वयंपाकघराच्या खिडकीत, अकरा दिवस टिकली.